भरलेला लोटा

न्हाई, न्हाई, उभ्यानं न्हाई. आधी बस, मग बोल — ती बाज ओढ इकडं, सावलीत घे, तिथं आता ऊन येईल. हां. पिशवी ठेव खाली. भीमराजचा बाप गुंडेराव म्हणजे मीच, बरोबर आलास तू. आन् तू कोण ते तू तोंड उघडायच्या आधीच कळलं मला — केस कापायची तऱ्हा बघितली, आन् चाल बघितली, पाय जरा फाकवून टाकायलास, खालची जमीन हलंल म्हणून. मी पंधरा वर्षं नेव्हीत काढली, लेकरा, ही चाल आमच्या ठाणाकुशनूरच्या धुळीत झाकत न्हाई. भीमराजच्या टोळीतला ना तू? व्हय. कुठला? कारवारचा — म्हणजे मराठी कळतं तुला, बरं झालं. हे घे पाणी. आमच्या विहिरीचं हाय, गोड हाय — न्हाई? तहान न्हाई? बीदरपासनं बसमधी धूळ खात आलास आन् तहान न्हाई. बरं. राहू दे लोटा तिथंच, हाताशी. लागंल तवा घे.

सरू, म्हणजे भीमराजची माय, रानात गेलीय. ऐकू यायलंय ना — धप्, धप् — तूर बडवायली ती. रान हे काय, त्या बांधाच्या पलीकडं. येईलच एवढ्यात. तवर एक कर, तुला जे सांगायचंय ते सांगू नको. मला दिसायलंय तू काहीतरी सांगायला आलास ते, मी काय आंधळा न्हाई. पण मी काय म्हणतो, काही झालं असतं तर तार आली असती. सरकारची रीत तीच हाय, आधी तार, मग माणूस. आमच्याकडं तार औरादवरनं येती, पोस्टातला माणूस सायकलीवर घेऊन येतो, आन् तो अजून आला न्हाई — मग तू कामून आलास? सुट्टीवर निघाला असशील. भीमराज म्हणाला असंल, जाता जाता माझ्या मायला बघून ये. कारवार कुठं आन् बीदर कुठं, पण तुमच्या वयात माणूस दोस्तासाठी वाकडी वाट करतो. तसंच ना? — मान हलवू नको. आधी माझं ऐक. घर कुणी दाखवलं तुला? स्टँडावर — अंकुशराव भेटला? पाटलाचा अंकुशराव? आन् सोबत आला न्हाई तो? एरवी कुणी माझं घर विचारलं की हा स्वतः घेऊन येतो, नेव्हीवाल्याकडचा चहा पाजतो म्हणतो, माझ्याच घरी बसून माझ्याच चहाला नावं ठेवतो. आज आला न्हाई. रानाकडं गेला? बरं. असंल काही काम.

तर उभ्यानं कामून बोलू दिलं न्हाई तुला. हा माझ्या घरचा नियम हाय, मी केलेला. माझा बाप हरिबा — त्यानं सगळी उमर दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून काढली. आम्ही तवा महार, गावाबाहेर घर, आन् गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांना मयताचा सांगावा न्यायचा तो आमच्या घरानं. ऊन असो, चिखल असो, अंगात ताप असो — हरिबा, निघ, म्हणलं की निघायचं. पायीच. भालकी, देगलूर, औराद, जिथं जिथं लेकी दिल्यात तिथं तिथं. आन् तिथं पोचलं की अंगणाच्या काठाला उभं राहायचं, उंबऱ्याजवळ जायचं न्हाई, बसायचं न्हाई. घरातली बाई पाणी घेऊन यायची, वरनं ओतायची, आपण खाली ओंजळ धरायची — तसलं पाणी. आन् त्यात एक रीत होती बघ. सांगावा लग्नाचा असंल, सोयरिकीचा असंल, तर आधी ओंजळ पुढं करायची, पाणी प्यायचं, मग बोलायचं. मयताचा असंल तर सांगून होईपर्यंत पाण्याला शिवायचं न्हाई. बस्स, एवढीच रीत. पण बाई लोटा घेऊन बाहेर आली की आधी बापाच्या हाताकडं बघायची. हात पुढं आले की हसायची, काय रे हरिबा, कुणीकडं, म्हणायची. हात मागं राहिले की लोटा तिच्या हातातनं पडायचा आन् आत रडारड सुरू — कोण गेलं ते अजून ठाऊकच न्हाई, पण रडणं सुरू. बाप म्हणायचा, निम्मा सांगावा पाणीच देतंय, माझ्याकडं नुसतं नाव राहतं —

हे मी तुला कामून सांगितलं?

न्हाई, म्हणजे, तू कारवारचा. तुला ही रीत कुठनं ठाऊक असणार. तू पाणी नको म्हणालास ते नुसतं नको म्हणालास, तहान नसंल तर माणूस नको म्हणतो. आता मी सांगून बसलो — आता तू प्यालास तरी त्याला अर्थ, न प्यालास तरी अर्थ. बघू नको लोट्याकडं. असू दे तिथंच. मी काही सांगितलंच न्हाई असं समज. आपण दुसरं बोलू.

मी नेव्हीत कसा गेलो ते सांगतो. ज्या वर्षी आमचा बीदर म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. आमच्याकडं थोड्या दिवसांनी वारं आलं. सगळी वस्ती बौद्ध झाली, आन् ठरलं, मेलेलं ढोर ओढायचं न्हाई आन् मयताचा सांगावा न्यायचा न्हाई. आन् तुरीच्याच दिवसात पाटलाची माय मेली. पाटील म्हणजे भगवानराव, ह्या अंकुशरावचा बाप. स्वतः आला वस्तीच्या कडेला, डोळे लाल, म्हणाला, हरिबा, निघ. बाप म्हणाला, मालक, माय चांगली होती, मला वाईट वाटलं, पण आता आमच्याकडनं सांगावा व्हायचा न्हाई. भगवानराव बापाकडं असा बघायला लागला रे — जसं बैलानं म्हणावं मी आज नांगराला येत न्हाई. गेला परत. दुसरं माणूस शोधून पाठवीपर्यंत माय जाळून झाली होती. लेकी आल्या त्या राखेला आल्या. त्यांनी अंगणात जी डोकी आपटून घेतली ती सगळ्या गावानं बघितली, आन् मग ते आले आमच्याकडं.

पाचसहा जण होते. हातात गाडीची उभारी, ही मनगटाएवढी. बापाला दोघांनी धरून उताणा पाडला, आन् भगवानराव म्हणाला, डोक्याला लागू देऊ नका. मला वाटलं माणूस दया करायलाय. डोक्याला लागू देऊ नका, म्हणाला, ज्यांनी जायाचं ते पायच तेवढे घ्या. मला एकानं गळ्यावर पाय देऊन शेणात दाबला होता, एक डोळा शेणात आन् एक उघडा, त्या उघड्या डोळ्यानं मी बघितलं. उभारी वर गेली, खाली आली. घोटा मोडतो ना, त्याचा आवाज ओला येत न्हाई. सुकी तुराटी मोडल्यागत येतो. कट्. मग दुसरा. बाप ओरडला न्हाई पहिल्यांदा, त्याला कळलंच न्हाई बहुतेक, तो आपल्या पायाकडं बघायला लागला, पाय उलटा झाला होता, टाच वर. मग ओरडला. मी त्या गळ्यावरच्या पायाला चावलो. पोटरीचा लचका आला तोंडात आन् माझा हा दात गेला — हा बघ, ही खिंड. सतरा वर्षांचा होतो. तिथनं जे पळालो ते उदगीर, तिथनं रेल्वे, तिथनं मुंबई. आठवी शिकलो होतो, उंची होती, नेव्हीनं घेतलं. बाप पुढं पाच वर्षं जगला, ढुंगण घासत अंगणात फिरायचा. आन् म्हणायचा काय, बरं झालं गुंड्या, आता कुणी म्हणणार न्हाई हरिबा निघ. स्वतःच हसायचा.

अंकुशराव तवा पाळण्यात होता. त्याचं काय त्यात.

जहाजावर मला एक चीफ भेटला, पेंडुरकर, कोकणातला, आपल्याच समाजाचा. त्याला म्हणलं, आपल्या लोकांना दर्यावर लढायला घेत होते का हो कधी? तो म्हणला, खुळ्या, तू काय पहिला समजतोस? कंपनी सरकारच्या काळी मुंबईला मरीन पलटण होती, आन् त्यात आपली माणसं किती म्हणून. काम काय, तर जहाजाच्या डेकवर बंदूक घेऊन उभं राहायचं. दुसरं जहाज अंगाला येऊन भिडलं की त्याच्या डेकवर उड्या टाकायच्या आन् समोर येईल त्याला कापायचं. तवा दर्यावरची लढाई म्हणजे दोन अंगणांतली मारामारी, असं म्हणायचा तो. मग लांब माऱ्याच्या तोफा आल्या, जहाजं एकमेकाला लांबनंच मारायला लागली, डेकवर उभ्या माणसाचं काम संपलं. मग त्यांना किनाऱ्यावर उतरवायला लागले. मग हातात कुदळी दिल्या, रस्ते खोदा म्हणाले. मग आपल्या लोकांची भरतीच थांबवली, आन् पुढं पलटणच मोडली. पेंडुरकर म्हणायचा, नाव मरीन आन् शेवटी काम खडी फोडायचं. मी आपलं मनात म्हणायचो, आमच्या घरात तरी दुसरं काय झालं.

तर आमच्या काळात नेव्हीत तसला वेगळा लढणारा माणूस नव्हताच. जहाज लढायचं, आम्ही जहाज चालवायचं. आन् मग गोवा सोडवायच्या वेळी ते बेट आलं — तुझ्या कारवारसमोरचं, तुझ्या घरावरनं दिसत असंल. अंजदीव, तवा पोर्तुगीजांकडं होतं. तिथं उतरायचं ठरलं. उतरणार कोण? जे हाताला लागले ते. सिग्नलवाला, इंजिनातला, मी, आन् गॅलीत चपात्या लाटणारा भिकाजी. थोडे दिवस बंदुका चालवायला शिकवलं, टोप्या दिल्या, होडीत बसवलं. सकाळची वेळ, पाणी असं गुळगुळीत. भिकाजीच्या कोपराला पीठ होतं अजून, मी म्हणलं, अरे, हात तरी धुवायचा, तो म्हणला, परत येऊन मळायचंच हाय. किनारा आला, उतरलाव, गुडघाभर पाण्यातनं पळायला लागलाव, आन् वरनं सुरू झालं. पाण्यावर कुणी मूठभर खडे फेकावेत तसं व्हायलं आजूबाजूला. भिकाजी माझ्या डाव्या हाताला होता. त्याला इथं लागली, गळ्यात. पडला न्हाई तो. बसला. पाण्यात मांडी घालून बसला, आन् दोन्ही हातांनी गळा धरला, जसं कुणी त्याचाच गळा दाबायलंय, आन् बोटांच्या मधनं — पीठ लागलेल्या कोपरावरनं खाली — त्या पिठाची कणीक झाली रे रक्तानं. मी ते बघितलं आन् पुढं पळालो. पुढं एक भिंत होती, भिंतीमागं एक माणूस होता, मिशीवाला, माझ्याएवढाच. संगीन आत जाती सहज. निघत न्हाई. छातीवर पाय देऊन ओढावी लागती, आन् ओढताना तो माणूस आपल्यासोबत वर येतो, डोळे उघडे. हे शिकवलं नव्हतं कुणी. त्या दिवशी आमचे सात गेले.

आन् मग ऐक पुढं. साहेबानं मला बोलावलं. म्हणाला, भिकाजीचं घर रत्नागिरीकडं हाय, तू मराठी माणूस, तू जा, आईला सांग. मी, हरिबाचा लेक. ज्या कामापायी बापाचे पाय मोडले ते काम मला सरकारनं वर्दी घालून दिलं. गेलो. चढण चढून गेलो, जीव नुसता तहानलेला, आन् दारात भिकाजीची आई, तांब्या घेऊन उभी. तिला काय आपली रीत ठाऊक. मला ठाऊक होती. पण तिनं पोराची वर्दी बघितली माझ्या अंगावर आन् अशी हसली — मी प्यालो पाणी. प्यालो की गेलंच सगळं. तिनं बसवलं, भात टाकला, मासा तळला, भिकाजी जेवतो का नीट, दुसऱ्यांना करून घालता घालता उपाशी राहतो का, हे विचारत बसली. माझ्या तोंडात घास, आन् ती म्हणाली, कधी येतोय आता? मग सांगितलं. तिच्या हातात पळी होती भाताची. तिनं माझ्या ताटात भात वाढला. परत वाढला. परत वाढला. ताटाच्या बाहेर भात, जमिनीवर भात, हात थांबंना तिचा, नुसतं वाढायली. शेवटी टोप रिकामा झाला तवा थांबली. म्हणून सांगतो, पाणी पिऊन सांगितलेला सांगावा लई वाईट. बापाच्या लोकांनी उगी न्हाई ती रीत घातली —

परत तिकडंच गेलो मी. चहा ठेवू का तुला? न्हाई. बस तू, बस.

एकाहत्तरला आणखी एक बघितलं. मी तवा सैन्य उतरवायच्या जहाजावर, बंगालच्या उपसागरात. पुढचं तोंड उघडतं बघ त्याचं, जबड्यागत, आन् त्यातनं माणसं उतरतात. ह्या वेळी साहेब लोक म्हणाले, मागल्यासारखं नको, उतरायला खरे लढणारे पाहिजेत, म्हणून पायदळातले गोरखे आणले. वाघ रे एकेक. पण डोंगरातले वाघ, समुद्र जन्मात बघितला न्हाई. जहाज वाळूला लागलं, आम्हाला वाटलं आला किनारा. तो किनारा नव्हता, अलीकडचा वाळूचा उंचवटा होता, त्याच्यापुढं खोल. पहिल्यांनी पाय टाकला, पाठीवर एवढालं ओझं, आन् गेले. गेले म्हणजे — समोर टोपी होती, आन् मग नव्हती. हात वर आला एकाचा, बोटं अशी, कुणाला बोलवावं तशी. मी पालथा पडून एकाचा पट्टा धरला आन् ओढला, तो वर आला तर तोंडात वाळू, नाकात वाळू, त्यानं मला मिठी मारली आन् मलाच आत ओढायला लागला, मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली तवा सुटला आन् वाचला. दुसरे वर आले न्हाईत. शत्रूनं एक गोळी झाडली न्हाई आन् माणसं मेली. त्या दिवशी मला कळलं. बेटावर पाण्याची माणसं होती, त्यांना लढता येत नव्हतं. इथं लढणारी होती, त्यांना पाणी येत नव्हतं. दोन्ही एकाच अंगात असलेला माणूस पाहिजे. मी काय साहेब न्हाई, मला कोण विचारतंय. पुढल्या वर्षी पेन्शन घेऊन घरी आलो, ही जमीन घेतली, विहीर खांदली, आन् भीमराजला उचलून त्यात टाकला.

सात वर्षांचा होता. बाकीचे लोक पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधतात, मी बिनभोपळ्याचा टाकला. सरू रानातनं पळत आली आन् तिनं मला चपलीनं मारलं, सगळ्या वस्तीदेखत, नेव्हीच्या माणसाला. आन् हे खाली पाण्यात हसायलंय, अप्पा, मायला अजून एक मारायला सांगा. तरंगत होता तो. पाणी त्याला काय करत न्हाई हे मला त्याच दिवशी कळलं. पुढं तासतासभर तळाशी बसल्यागत बसायचा, सरू काठावर बोंबलायची. भरती झाला तवा मी काही म्हणलं न्हाई, आन् दोन वर्षांखाली नेव्हीत ही तुमची पाण्याखालनं जाऊन लढणारी नवी टोळी निघाली, त्यात गेला तवाबी न्हाई. उलट मला — काय सांगू — मला बरं वाटलं. मी जे एकाहत्तरला मनात म्हणलं होतं ते सरकारला आता सुचलं, आन् त्यात माझा लेक.

दसऱ्याला आला होता सुट्टीवर. दाढी वाढलेली. बाजेवर झोपंना, खाली झोपायचा, भिंतीला पाठ लावून. मी विचारलं, काय करता रे तुम्ही तिकडं लंकेत, जाफन्याला? म्हणाला, पोहतो अप्पा. नुसतं पोहता? म्हणाला, तुम्ही दिवसा उतरायचा, ओरडत. आम्ही पाण्याखालनं जातो, काम करतो आन् येतो, कुणाला कळलं न्हाई म्हणजे काम चांगलं झालं. बंदराचा धक्का उडवला, होड्या उडवल्या, एवढं सांगितलं. आन् एकदा जेवताना मधीच बोलला, माणसाचं तोंड मागनं दाबून धरलं ना अप्पा, की त्याचा श्वास आपल्या तळहाताला ओला लागतो, आन् मग लागायचा थांबतो. एवढं बोलला, हात धुतला, भाकरी तशीच राहिली. सरूला काही कळलं न्हाई, तिला वाटलं भाजी खारट झाली. मला कळलं. मी संगीन ओढली होती, माझ्याभोवती शंभर माणसं ओरडत होती. हा एकटा, आन् गप. कंपनी सरकारची पलटण होती, आमची टोळी होती, आन् आता दोघं-दोघं. दोघं आन् मनगटाला मनगट बांधलेली दोरी. व्हय ना? मला म्हणाला होता, माझी जोडी कारवारची हाय अप्पा, माशागत पोहतो पण घोरतो असा की गस्तवाल्यांना ऐकू जाईल. तूच ना तो? तूच. आल्या आल्या मनगट बघितलंय मी तुझं. तो वळ दोरीचाच हाय. जुना न्हाई तो. नुसत्या पोहण्यानं एवढा वळ उठत न्हाई, मागं काहीतरी जड —

थांब. आवाज थांबला. तूर बडवायचा आवाज, थांबला ना? कधीपासनं? मी आपला बोलत बसलो. पाणी प्यायला थांबली असंल ती.

काय करायलास? लोटा — पितोस? पी, पी की, मी म्हणतच होतो, तहान कशी नसंल एवढ्या लांबनं — सांडायलंय सगळं पिशवीवर. माझ्याकडं बघायलास आन् लोटा तोंडाला न्यायलास, माझ्यासाठी प्यायलास व्हय तू? ठेव. ठेव खाली म्हणतो. चांगल्या मायचा लेक हायस, पण हे करू नको. मी केलंय ते, मला ठाऊक हाय भात कुठंवर सांडतो. आन् माझा बाप दुसरीकडं कधी खोटं बोलला असंल, पाण्यात न्हाई बोलला. ठेव. हां.

तोंडानं सांगू नको. मी विचारतो, तू मानेनं सांग. पाण्यात गेला? न्हाई. मला ठाऊक होतं, पाणी त्याला काय करणार न्हाई. जमिनीवर? तेबी न्हाई. काठावर. चढताना. व्हय, तिथंच असतं, तिथं ना पाणी आपलं असतं ना जमीन. आन् दोरी? दोरी बांधलेलीच होती. मग तू आणलास त्याला परत. त्या दोरीनं, पाण्यातनं, ओढत, एवढं लांब. हात दे इकडं. दे. एकटा न्हाई आला म्हणजे तो. बरं. बरं झालं. पुरं आता. रडू नको, ती यायली.

ती बघ, बांधावर. सरू. आन् तिच्या मागं अंकुशराव. त्याच्या डोक्यावर काय हाय रे ते, माझे डोळे आता — भारा? तुराट्यांचा भारा. सरूचा भारा अंकुशरावनं डोक्यावर घेतलाय. पाटलाच्या लेकानं. तू त्याला सांगितलंस ना स्टँडावर? आन् ती मोकळ्या हातांनी पुढं चालायलीय, बघ, हातवारे करून बोलायलीय, त्याला हसत असंल, काय पाटील, आज हमाली सुरू केली का म्हणत असंल. त्यानं तिला सांगितलं न्हाई. जमलं नसंल. नुसता भारा घेतला आन् मागं मागं राहिला.

ऊठ आता. व्हय, मीच बस म्हणालो होतो, आता मीच सांगतो ऊठ. तिथं जा, अंगणाच्या काठाला, त्या दगडापाशी. तिथंच उभा राहा. तुला बोलायचं काही न्हाई. ती माझ्याकडं आली की तू निघ, मागं बघू नको, माझा बापबी बघायचा न्हाई. लोटा राहू दे. थोडं सांडलंय त्यातलं — थांब, भरतो. असा. आता इथं, दारात, तिला दिसंल असा. तिचाबी बाप सांगावेच न्यायचा. ती आधी लोट्याकडंच बघंल.